पडद्याला नंबर

सोमवार, ५ मे

ही वही का सुरू केली ते आधी नोंदवतो. कॉलेजच्या सहा पोरांना घेऊन त्यांच्या प्राध्यापिका बाई आज कार्यालयात आल्या. उन्हाळी सुट्टीत समाजसेवा करायची आणि रोज संध्याकाळी एक पान लिहायचे, असा त्यांचा अभ्यासक्रम. पानाचे विषय दोनच : मी कोण, आणि न्याय म्हणजे काय. हे सांगून झाल्यावर बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पर्यवेक्षकांनीही लिहिलं तर छानच. अर्थात सक्ती नाही."

ते 'सक्ती नाही' मला बोचले. याला काय लिहिता येणार, असाच त्याचा अर्थ. तर मी लिहिणार. आणि दाखवणार कोणालाच नाही.

पोरांना दिलेले काम साधे आहे, पण साधे काम करायलाच अक्कल लागते. आमच्या प्रभागातून जाणारा रस्ता रुंद होणार. जी घरे त्यात जातील त्यांना नवीन इमारतीत खोल्या मिळणार, एका नंबराला एक खोली. त्यासाठी प्रत्येक घरावर नंबर टाकायचा आणि यादी करायची. यादी ३१ मे रोजी बंद होईल. त्यानंतर देवाचा बाप आला तरी नाव चढणार नाही.

नकाशे काढायला मी कुठल्याही शाळेत शिकलेलो नाही. दोन जुनी पुस्तके आणि एक मोडका टी-स्क्वेअर, एवढ्यावर शिकलो. आज या प्रभागाचा एकही नकाशा असा नाही जो माझ्या हातचा नाही. कागदोपत्री मी 'हंगामी मदतनीस' आहे. हा हंगाम एकोणीस वर्षे चालू आहे.

आज पोरांकडून फक्त आकडे गिरवून घेतले. एक ताडमाड मुलगा आहे, त्याचा एक नऊसारखा दिसतो. दोनशे वेळा काढायला लावला. शेवटी म्हणाला, "काका, आता मला स्वप्नात पण एकच दिसेल." मी म्हटले, "दिसू दे. पण एकासारखा दिसू दे."

गुरुवार, ८ मे

तीन दिवसांत एकशे नव्वद घरे. पट्टी पांढरी, आकडा काळा, उंची चार इंच, उंबऱ्यापासून साडेचार फूट, उजव्या चौकटीवर. माझ्या नियमवहीत असे अकरा नियम आहेत. पोरांना ते पाठ झाले, फक्त का आहेत ते विचारण्याची त्यांची खोड जात नाही. विशेषतः एक मुलगी. मी तिचे नाव वकीलबाई ठेवले आहे.

"काका, साडेचारच फूट का?"

"मोठ्या माणसाच्या नजरेला येतं आणि लहान मुलाच्या हाताला येत नाही."

मग डबा खाताना पुन्हा सुरू. "रोजचं पान लिहिताना अडतं हो काका. 'मी कोण' म्हणजे नेमकं काय लिहायचं?"

"नाव, वय, पत्ता."

"एवढंच?"

"एवढं बिनचूक लिहिणारी माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजलीत."

सगळी हसली. मी विनोद केला नव्हता.

आणखी एक शोध लागला. पोरे माझ्यामागे मला 'टेपकाका' म्हणतात. घरी सांगितले तर हिने मशीनचे पायडल थांबवून मनसोक्त हसून घेतले. (ही शिवणकाम करते, घरातला मोठा आवाज मशीनचा.) मला राग आलेला नाही. टेप हे अचूक उपकरण आहे.

शनिवार, १० मे

आज गोदामापाशी काम अडले.

जुने कापडाचे गोदाम आहे. समोर एक लोखंडी दार. आत मधोमध चार फुटांची वाट, दोन्ही अंगांना सात-सात खोल्या. भिंती पत्र्याच्या आणि फळ्यांच्या. वाटेच्या बाजूने मात्र भिंत नाही, दार नाही, नुसते पडदे. एकूण चौदा पडदे. मी बाहेरच्या लोखंडी दारावर पट्टी मारली आणि त्या ताडमाड मुलाला (त्याचे नाव मी लांब्या ठेवले आहे) २१२ काढायला सांगितले.

इस्त्री करणारी एक बाई आतून बाहेर आली. हातात इस्त्री तशीच, गरम. "एकच नंबर?"

"दार एकच आहे."

"चुली चौदा आहेत साहेब. माणसं एकसष्ट."

"मी साहेब नाही. नियम चार : दाराला नंबर. पडदा, गोणपाट, आडोसा यांना स्वतंत्र नंबर नाही."

"दार काय आम्ही केलंय? गोदामवाल्याने केलं. त्याला कापड ठेवायचं होतं, माणसं नाही."

वकीलबाई माझ्या शेजारी उभी होती. "काका, म्हणजे चौदा कुटुंबांना मिळून एक खोली?"

"नियमाने."

"हा नियम कोणी लिहिला?"

"मी," मी म्हणालो. आणि अभिमानाने म्हणालो, हेही नोंदवतो.

कारण तो नियम उगाच आलेला नाही. एकोणीस वर्षांपूर्वी एका घरमालकाने आपल्या व्हरांड्यात अकरा पडदे टांगले आणि अकरा नंबर मागितले. तेव्हाचे साहेब देऊन मोकळे होणार होते. मी एकेक पडदा उचलून बघितला. अकरा पडद्यांमागे एक चूल नव्हती, एक अंथरूण नव्हते. त्याच दिवशी मी नियम चार लिहिला. सगळ्यांनी पाठ थोपटली.

हे मी पोरांना समजावून सांगितले. लांब्या म्हणाला, "पण काका, तिथे चूल नव्हती. इथे आहे." मी म्हटले, "ब्रश धुवायला घ्या."

सोमवार, १२ मे

वकीलबाईने तिचे रोजचे पान माझ्यासमोर ठेवले. "वाचता का? बाईंना द्यायच्या आधी."

पानभर गोदाम. अन्याय हा शब्द सात वेळा, माणुसकी पाच वेळा, व्यवस्था चार वेळा. 'पडद्यामागच्या माणसाला समाज बघतच नाही', वगैरे. मी लाल पेन्सिलीने खाली लिहिले, "किती खोल्या? लांबी? रुंदी? किती वर्षांपासून? रडून कोणाचे भले झाले नाही. माप आणा."

तिने वाचले. नाकपुड्या फुगल्या. "आणते," म्हणाली आणि माझ्या टेबलावरचा टेप न विचारता घेऊन गेली.

बुधवार, १४ मे

तिने माप आणले. चौदा ओळी. कुटुंबात माणसे किती, कधीपासून राहतात, चूल वेगळी की एकत्र, लांबी, रुंदी. मला बरे वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. पण अकराव्या खोलीची रुंदी मला खटकली. दहावी आणि बारावी खोली बघता अकरावी तेवढी असूच शकत नव्हती. म्हणून स्वतः टेप घेऊन गेलो.

अकराव्या खोलीत एक म्हातारा राहतो. आयुष्यभर पहारेकरी होता, आता डोळ्यांना कमी दिसते. त्या गोदामात एक पद्धत आहे. प्रत्येक पडद्याच्या बाजूला सुतळीने पत्र्याचे एक झाकण टांगलेले. आत जायचे तर आधी झाकण वाजवायचे, आतून 'या' आले तरच पडदा उचलायचा. लहान पोरसुद्धा धावत आले तरी वाजवते आणि जागीच उड्या मारत थांबते. वाटेतून जाताना मला सतत तो आवाज ऐकू येत होता.

मी माप घेतले. आठ फूट दोन इंच. वकीलबाईने आठ फूट पाच लिहिले होते. तीन इंचांची चूक. तिला दाखवली. म्हणाली, "टेप लोंबला असेल." मी म्हटले, "टेप कधी लोंबत नाही, धरणारा लोंबतो."

पहारेकरी खाटेवरून ऐकत होता. "तुम्हीच ना ते, दार नाही म्हणून नंबर नाही म्हणणारे?"

"नियम आहे आजोबा. हे दार नव्हे."

"नव्हे ना? मग आत येताना झाकण का वाजवलंत?"

खरोखरच वाजवले होते. कोणी सांगितले नव्हते. दोनदा वाजवले आणि 'या' म्हणेपर्यंत थांबलोही. एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या अकरा पडद्यांपाशी मी थांबलो नव्हतो.

यावर आज अधिक लिहीत नाही.

शुक्रवार, १६ मे

पोरांनी माझ्या नियमाला माझ्याच नियमाने पकडायचे ठरवले आहे. त्यांच्या कॉलेजच्या जुन्या वसतिगृहाची दारे काढून मागे रचून ठेवली होती. लांब्याने प्राचार्यांकडून लेखी परवानगी आणली आणि आज सकाळी हातगाडीवरून चौदा पल्ले गोदामापाशी येऊन पडले.

"नियम चार," वकीलबाई म्हणाली. "दाराला नंबर. बरोबर?"

"बरोबर."

"मग आम्ही दारं लावतो."

मी नियमवही उघडून नियम चार तीनदा वाचला. दार कोणी लावावे याबद्दल त्यात चकार शब्द नाही. ही माझी त्रुटी. पण त्यांचे काम बघवेना. चौकटी वाकड्या, बिजागऱ्या एक वर एक खाली, स्क्रू हातोडीने ठोकलेले! स्क्रू! हातोडीने! पाऊण तास हाताची घडी घालून बघितले, मग शर्टाच्या बाह्या वर केल्या.

घरी सांगितले तर ही म्हणते, "म्हणजे तुम्हीच दार नाही म्हणून नंबर नाकारता आणि तुम्हीच जाऊन दारं लावता?"

"मला फक्त वाकडी बिजागरी बघवत नाही."

"हो, हो. बिजागरीच ती," म्हणाली आणि पुन्हा मशीन सुरू केले.

मंगळवार, २० मे

चौदा दारे पूर्ण. एकही पल्ला करकरत नाही, एकही घासत नाही. २१२/१ ते २१२/१४ असे नंबर माझ्या हाताने टाकले. इस्त्रीवालीने सगळ्यांना चहा दिला. पहारेकरी मात्र काही बोलला नाही. वयाचा परिणाम असेल.

गुरुवार, २२ मे

साहेब यादी चाळत होते. बोट २१२ वर थांबले. हे साहेब तीन वर्षांपूर्वी आले. सुबक माणूस, अक्षर मात्र भयंकर.

"हे एक ते चौदा काय आहे?"

"गोदाम. चौदा दारं."

"कधीची?"

"सोळा ते वीस मे."

साहेब हसले. "एक मेपूर्वीचीच बांधकामं धरायची आहेत. बाद."

बाहेर व्हरांड्यात सहाही जण उभे होते. त्यांनी ऐकले होते.

"काका, तुम्ही तारीख का सांगितलीत?" लांब्या.

"विचारली म्हणून."

"जुनी आहेत म्हणायचं होतं! पल्ले तीस वर्षांचे जुने आहेतच की!"

"पल्ले जुने. चौकट नवी, बिजागरी नवी, दार नवं. खोटी तारीख माझ्या तोंडून येणार नाही."

वकीलबाईचा आवाज चढला. "तुम्हाला माणसं दिसतात का हो, काका? की नुसते इंच? एक तारीख! एकसष्ट माणसं आणि एक तारीख!"

"आज मी एक तारीख खोटी लिहिली तर उद्या बाकीच्या सगळ्या घरांच्या तारखांवर कोण विश्वास ठेवेल? साहेबांना तेच हवं आहे. एक खोटं सापडलं की सगळी यादी केराच्या टोपलीत."

"ठीक आहे," ती म्हणाली. "टेप तो टेपच." या वेळी 'काका' गाळले. आधी मला ते काका नको होते, पण आज ते नसलेले लागले.

शुक्रवार, २३ मे

दारे बाद झाली हे गोदामात सांगायला मी गेलो. पोरेही आली, माझ्यापासून दहा फूट अंतर ठेवून.

इस्त्रीवालीने सगळे ऐकून घेतले. पदराने मान पुसली. मग म्हणाली, "बाद झाली ना? मग एक सांगू? रागवू नका. ही दारं काढता का?"

पोरांनी दहा फुटांवरून माझ्याकडे बघितले.

"पोरांनी एवढ्या मायेनं लावली म्हणून तोंड उघडलं नाही. पण वारा बंद झालाय हो. पडद्याखालून झुळूक यायची. आता इस्त्री पेटवली की जीव गुदमरतो. आजोबांना तर परवापासून बाहेर बसवलंय."

बाहेरून पहारेकऱ्याचा आवाज आला. "दार आत उघडलं की खाट बाहेर, खाट आत घेतली की दार उघडत नाही. मी पहारा दिलाय जन्मभर, पण स्वतःच्याच दाराबाहेर कधी दिला नव्हता."

मी टेप काढला. खोली आठ फूट दोन. पल्ला अडीच फूट. खाट सहा फूट. बेरीज करायला कागदही लागत नाही. मी प्रत्येक बिजागरी मोजली, प्रत्येक पल्ल्याचा ओळंबा बघितला. आत माणसाला वळायला किती जागा उरते हे मोजले नाही. ही चूक सर्वस्वी माझी आहे. पोरांची नाही. पर्यवेक्षक मी होतो.

वकीलबाई जमिनीकडे बघत होती. "आम्ही तुम्हाला विचारलंच नाही."

"विचारलं असतं तरी काय फरक पडला असता, बाळ?" इस्त्रीवाली म्हणाली. "नंबर मिळतोय म्हटल्यावर आम्ही 'हो'च म्हटलं असतं. नंबरासाठी माणूस श्वाससुद्धा कमी घेतो."

लांब्याने खिशातून वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतले. वकीलबाईने त्याच्या हातून वही घेऊन बंद केली.

शनिवार, २४ मे

दारे काढली. स्क्रू फिरवून, हातोडीशिवाय. एकही पल्ला फुटला नाही. इस्त्रीवालीने एक पल्ला विटांवर आडवा टाकून त्याचे टेबल केले. इतरांनीही केली. लांब्या म्हणाला, "दार म्हणून नापास, टेबल म्हणून पहिला नंबर." आज दोन दिवसांनी सगळी हसली. मीही. या वेळी विनोद त्याचा होता.

रविवार, २५ मे

सुट्टी. सकाळपासून नियमवही पुढ्यात. प्रत्येक पानाखाली सही माझी, फक्त माझी. कोणा साहेबाची सही नाही, शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. मी लिहीत गेलो, तेव्हाचे साहेब 'चालू द्या' म्हणाले, ते गेले, पुढचे आले, आणि वही चालत राहिली. एकोणीस वर्षे ज्याला सगळे शासनाचा नियम समजत होते तो एका हंगामी मदतनिसाचा नियम आहे.

हिला सांगितले. ही सुईत दोरा ओवत होती.

"नियम कोणाचा म्हणालात?"

"माझा."

"मग मोडायला कोण बाहेरून यायचंय?"

"मोडायचा नाही. दुरुस्त करायचा. त्यात मोजमापाची चूक आहे."

"मी कुठे काय म्हटलं," म्हणाली, आणि दोरा दाताने तोडला.

नवीन नियम चार, अकरा वेळा लिहून अकरा वेळा खोडून, असा : 'जिथे चूल वेगळी आहे आणि जिथे आत जाण्याआधी बाहेर थांबून विचारावे लागते, ते वेगळे घर. दार, पडदा, गोणपाट यांचा संबंध नाही.' खाली सही, तारीख २५ मे. जुना नियम खाडाखोड न करता एका रेघेने कापला, वाचता येईल असा. कोणी विचारले काय बदलले, तर दाखवता आले पाहिजे.

त्या घरमालकाचे अकरा पडदे या नियमातही नापास होतात. मी तपासून बघितले.

मंगळवार, २७ मे

कापडावर रंग पसरतो. काल दोन पडद्यांवर फसलो. वकीलबाईने विचारले, "शिवून लावले तर?"

ही काल संध्याकाळभर मशीनवर बसली. चौदा पांढऱ्या चौकोनी पट्ट्या, त्यांवर काळ्या कापडाचे आकडे, माझ्याच साच्यावरून कापलेले. उंची चार इंच. मी प्रत्येक मोजली. एकही चुकली नाही. "मोजा, मोजा," म्हणाली. "बत्तीस वर्षं मोजताय, अजून सापडली का एक?"

पट्ट्या आज लावल्या. साडेचार फुटांवर, उजवीकडे. पहारेकऱ्याने आपल्या पडद्यावरची पट्टी बोटांनी चाचपली. "अकरा?"

"अकरा."

"जरा जाड शिवलाय. बरं झालं. मला वाचता येतो."

यादीत खरे तेच लिहिले : दार नाही, पडदा, वास्तव्य एक मेपूर्वीपासून, प्रत्येकाचे वर्ष समोर. सगळ्यांत जुने अठ्ठावीस वर्षांपासून, सगळ्यांत नवे सहा.

बुधवार, २८ मे

साहेबांनी दार लावून घेतले.

"नियम बदललात?"

"दुरुस्त केला."

"तुम्हाला अधिकार काय?"

"लिहिताना जेवढा होता, तेवढाच."

साहेबांनी पंखा एकवर आणला, पुन्हा तीनवर नेला. "हे बघा, तुम्ही हंगामी आहात. मी आजवर कधी तुमच्या शिक्षणाचा प्रश्न काढला नाही."

"काढा की. कोणता नकाशा चुकला आहे ते दाखवा."

"मी या यादीवर सही करणार नाही."

"नका करू," मी म्हणालो. आवाज थोडा मोठा झाला असावा, कारण बाहेर टंकलेखन थांबले. "पण चौदा नावं कापायची असतील तर तुमच्या पेनानं कापा. माझ्या हातून एक रेघ जाणार नाही."

त्यांनी पेन उचलले नाही. मी बाहेर आलो. वकीलबाई दारापाशीच होती, ऐकत होती, आणि लपवतही नव्हती. "काका," ती म्हणाली.

"ब्रश धुतलेत का?" मी विचारले.

शुक्रवार, ३० मे

पोरांचा शेवटचा दिवस. प्राध्यापिका बाईंपुढे प्रत्येकाने आपले एक पान वाचले. लांब्याने न्यायावर वाचले. बरे होते, लांबट होते.

वकीलबाई उभी राहिली आणि गोदामाच्या चौदा ओळी वाचल्या. खोली एक : माणसे पाच, वास्तव्य एकवीस वर्षे, चूल वेगळी, नऊ फूट बाय आठ फूट एक इंच. खोली दोन : माणसे तीन. अशा चौदा. संपल्यावर बसली.

बाई म्हणाल्या, "छान आहे. पण यात तू कुठे आहेस?"

"मोजणारी मी आहे."

"आणि न्याय?"

"अकराव्या खोलीची रुंदी आधी मी आठ फूट पाच लिहिली होती. ती आठ फूट दोन आहे. तिथे राहणाऱ्याला त्या तीन इंचांचा फरक पडतो. मला कळायला तीन आठवडे लागले."

बाईंनी मला विचारले, तुम्ही काही लिहिलंत का. मी म्हटले, नाही. सक्ती नव्हती.

शनिवार, ३१ मे

मुख्य कार्यालयाची खिडकी बाराला बंद होते. मी दहा वाजून चाळीस मिनिटांनी रांगेत उभा राहिलो. यादी बगलेत. मागे बघितले तर गोदामातली चौदाही घरे रांगेत, कोणी लेकरू कडेवर घेऊन. त्यामागे पोरे. सेवा काल संपली असताना! लांब्या सगळ्यांच्या डोक्यावरून दिसत होता.

खिडकीतल्या कारकुनाने पाने मोजली. "साहेबांची सही?"

"फॉर्मवर जागा दाखवा."

त्याने फॉर्म पुढून बघितला, मागून बघितला. "नेहमी असते."

"नेहमी असते ती सवय. छापलेलं काय आहे ते वाचा."

त्याने वाचले. "पाहणी करणाऱ्याची सही."

"ती आहे. पाहणी मी केली."

"अहो पण हे पडदे..."

"पडदे आहेत असंच लिहिलं आहे. दारं लिहिली असती तर तुम्ही मला विचारायला हवं होतं."

कारकुनाने खिडकीतून वाकून रांग बघितली. शेवट त्याला दिसला नसावा. इस्त्रीवाली मागून म्हणाली, "घ्या हो दादा, पावणेबारा झाले, आम्हाला काही घाई नाही. दारही नाही बंद करायला." लोक हसले. कारकूनही हसला, आणि हसता हसता त्याने शिक्का मारला.

पोचपावती मिळाली. यादीत २१२/१ ते २१२/१४ नोंद झाले. शेरा : 'हरकत आल्यास सुनावणी २० जून.' हरकत येणारच. येऊ दे. सुनावणीला अधिकारी गोदाम बघायला येईल, तेव्हा आत जाताना तो काय करतो ते मला बघायचे आहे.

सोमवार, २ जून

नऊ पंचवीसला कार्यालयात पोचलो. माझे टेबल जागेवर नव्हते. फरशीवर चार पायांच्या चार खुणा होत्या, एकोणीस वर्षांच्या.

साहेब म्हणाले, "तुमचा हंगाम संपला. आजपासून यायची गरज नाही."

"लेखी द्या."

"काय?"

"यायची गरज नाही हे लेखी द्या. कारणासह. विनाकारण कमी केलं असं होऊ नये, तुमच्यावरच बालंट येईल."

साहेबांनी कागद ओढला. पेनाचे टोपण काढले. माझा दोष काय, ते लिहू लागले आणि थांबले. मी टेबलाच्या या बाजूने मदत केली. "लिहा : यांनी गोदामातील चौदा घरांना नंबर दिले. घरं लिहा, पडदे नको, कारण यादीत घर नोंद झालं आहे. पोचपावतीचा क्रमांक मी सांगतो. आणि चौदाही नंबर क्रमाने लिहा, म्हणजे कागद पूर्ण होईल. खाली तुमची सही."

साहेबांनी माझ्याकडे बघितले, कागदाकडे बघितले. हे लिहिले तर ती चौदा घरे त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच सहीने सरकारदरबारी कायमची घरे ठरत होती. त्यांनी टोपण लावले. पुन्हा काढले. मग फोन वाजला नसताना फोन उचलला.

मी खिडकीच्या कट्ट्यावर नकाशा पसरला. उजेड तिथे टेबलापेक्षा चांगला आहे, हे मला एकोणीस वर्षांत सुचले नव्हते. नवीन रस्त्याची कडा आखून पुढच्या गल्लीतली सतरा घरे नकाशावर बसवली. मधून मधून साहेबांच्या टेबलाकडे बघत होतो. कागद कोरा.

पाच वाजता तो कोराच होता. हजेरीपटावर जाण्याची वेळ टाकली : पाच वाजून दोन मिनिटे. दोन मिनिटे जास्तीचीच दिली.